सोमवार मोडीचा, शनिवार बारवेचा

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

या वेळी निवडलेली पत्रे स्थानिक इतिहास मंडळांत विनावेतन काम करणाऱ्या निवृत्त वाचकांची आहेत. उत्तरे मोडी वाचन, कागदांचे जतन आणि गावपाहणी या कामांतल्या मंडळींनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : मार्चअखेर बँकेतून निवृत्त झालो आणि लगोलग तीन मंडळांत नाव घातले. सोमवारी मोडीचा वर्ग, मंगळवारी पुराभिलेखागार, बुधवारी एका वाड्यातल्या कागदांचे स्कॅनिंग, गुरुवारी वयस्कर मंडळींच्या मुलाखती, शनिवारी बारवेची (पायऱ्यांच्या जुन्या विहिरीची) सफाई, रविवारी वारसा फेरी. दोन महिन्यांत दमलो. हाती काय लागले म्हणाल, तर फोनमध्ये चार हजार फोटो. आठवडा बसवायचा कसा?
– निवृत्त बँक अधिकारी, सातारा

उत्तर : तुमच्या आठवड्यात गोळा करायचे दिवस सहा आहेत आणि लिहून काढायचा एकही नाही. दुखणे तिथे आहे. बाहेर एक तास घालवला तर घरी टेबलाशी दोन तास लागतात, मुलाखतीला त्याहून कितीतरी जास्त. तासाभराचे ध्वनिमुद्रण शब्दशः उतरवायला पाच-सहा तास धरून चाला. बोलणाऱ्याची बोली तुमच्या ओळखीची नसेल तर आणखी. दर गुरुवारी मुलाखत घेतली तर दुसऱ्याच महिन्यात थकबाकी साचते, हे बँकेतल्या माणसाला सांगायला नको.

आधी कचेऱ्यांचे दिवस बघा. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा आहे. म्हणजे पुराभिलेखागार, तलाठी आणि भूमी अभिलेख ही कामे सोमवार ते शुक्रवारातच बसतात. गावातली माणसे मात्र शनिवार-रविवारी घरी सापडतात. त्यामुळे मंगळवार पुराभिलेखागाराला द्या आणि बुधवार सकाळ मंगळवारच्या टिपणांना, कारण घाईत केलेली अर्धवट टिपणे चार दिवसांनी तुमची तुम्हालाच लागत नाहीत. गुरुवारी एका आठवड्यात मुलाखत, पुढच्या आठवड्यात तिचे लेखन. वाड्यातले स्कॅनिंग किंवा बारव, यांतले एकच निवडा. दोन्ही अंगमेहनतीची कामे आहेत. वारसा फेरी महिन्यातून एकदा पुरे. मोडी मात्र आठवड्याच्या एका वर्गाने येत नाही. रोज अर्धा तास, पाच ओळी, पण रोज. मोडीत ओळीची शिरोरेषा आधी आखून तिच्याखाली अक्षरे सलग लिहितात, शब्द तोडत नाहीत, विरामचिन्हे नसतात. शब्द कुठे संपला हे डोळ्याला सवयीनेच कळते, आणि ती सवय आठ दिवसांच्या खंडाने मोडते.

पुराभिलेखागारात पहिल्या खेपेला कागद मागूच नका, याद्या मागा. ‘आमच्या भागाचा इतिहास बघायचा आहे’ असे सांगितले तर समोरचा कर्मचारी काय काढून देणार? तालुका, गाव, विषय (इनाम, पाटीलकी, पाणी, देवस्थान) आणि सालांची मर्यादा एवढे लिहून न्या. ओळखपत्र आणि त्याची प्रत बरोबर ठेवा. आत शिसपेन्सिलच न्या. जेल पेनचा एक ठिपका तीनशे वर्षे टिकलेल्या कागदावर कायमचा राहतो. टिपणाच्या पहिल्या ओळीत रुमाल (कापडात बांधलेला गठ्ठा) क्रमांक, पुडके क्रमांक, कागदाचा क्रमांक. हे नसेल तर खालचा मजकूर कितीही मोलाचा असो, दुसऱ्याला तो तपासता येत नाही आणि म्हणून वापरताही येत नाही.

आता चार हजार फोटो. एका बैठकीत आवरणार नाहीत, रोज पन्नास घ्या. फोनमध्ये फोटोची तारीख-वेळ असते, त्यावरून दिवसवार कप्पे करा आणि आठवेल तेवढे आत्ताच लिहा. जे आठवत नाही ते ‘ठिकाण अनिश्चित’ या कप्प्यात. अंदाजाने गावाचे नाव घालू नका, टाकूनही देऊ नका. बरोबरचा कोणी ओळखेल. यापुढे कुठल्याही ठिकाणी पहिला फोटो कोऱ्या कागदाचा काढा. त्यावर मोठ्या अक्षरात गाव, जागा, तारीख, दाखवणाऱ्याचे नाव. पुढचा कागद येईपर्यंतचे सगळे फोटो त्या जागेचे. दोन रुपयांत होणारी ही युक्ती महागड्या अॅपपेक्षा जास्त उपयोगी पडते.

प्रश्न : मोडी वर्गात सरावाला दिलेल्या पत्रावर ‘सु॥ अर्बा सबैन मया व अलफ, छ ९ रजब’ असे आहे. वर्गात आमच्या तिघांची तीन वेगवेगळी इसवी साले आली. हिशेब कसा करायचा?
– निवृत्त मुख्याध्यापिका, पुणे

उत्तर : ‘सु॥’ म्हणजे सुहूर सन. त्यात आकडे अरबी शब्दांत, एककापासून सुरुवात करून लिहितात. अर्बा ४, सबैन ७०, मया १००, अलफ १०००, एकूण ११७४. सुहूर साल मृगाला, म्हणजे त्या काळच्या हिशेबाने जूनच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास बदलते. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या पत्राला ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मृगापर्यंतच्या पत्राला ६००. ‘छ’ म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्याची तारीख. तुमच्या पत्रातला ९ रजब सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पडतो, म्हणून ११७४ अधिक ५९९, इ. स. १७७३. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा. पत्र त्यानंतर महिन्याभरातले आहे, हे लक्षात ठेवून मजकूर पुन्हा वाचा.

तिघांची उत्तरे कशी चुकली असतील याचा अंदाज बांधता येतो. कोणीतरी सरसकट ६०० मिळवले असतील आणि १७७४ काढले असेल. कोणीतरी सबैन (७०) ला सबा (७) समजले असेल. ही फसगत नेहमीची. सलास ३ आणि सलासीन ३०, अर्बा ४ आणि अर्बैन ४०, खमस ५ आणि खमसैन ५०, सीत ६ आणि सितैन ६०, समान ८ आणि समानीन ८०, तिसा ९ आणि तिसैन ९०. शेपटाकडे बघा: ‘ईन’ किंवा ‘ऐन’ असेल तर दशक. उरलेले लक्षात ठेवा: इहिदे १, इसन्ने २, अशर १०, अशरीन २०. शेकड्यांत मया १०० आणि मयातैन २००, म्हणजे मयातैन दिसले की पत्र इ. स. १८०० च्या आसपासचे किंवा नंतरचे. हिशेब जमला की नाही हे पाहायला पानिपत हाताशी ठेवा: इहिदे सितैन मया व अलफ, ११६१. लढाई १४ जानेवारीची, म्हणून अधिक ६००, १७६१.

तिसरी अडचण वर्गात सहसा शिकवत नाहीत. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान. सुहूर साल सौर, ‘छ’ मात्र चांद्र. त्यामुळे एकाच सुहूर सालात दहा-अकरा चांद्र तारखा दोनदा येतात. तुमच्याच अर्बा सबैन सालात रबिलावलच्या मधल्या तारखा एकदा जून १७७३ च्या पहिल्या पंधरवड्यात येतात आणि पुन्हा मे १७७४ च्या अखेरीस. पत्रावर तशी तारीख असेल तर वार, तिथी किंवा मजकुरातली घटना यांवरूनच निकाल लागतो. जंत्रीत (सन-तारखांचा मेळ दाखवणारी कोष्टके; तुमच्या सालासाठी मोडक जंत्री) पहिले जुळलेले पान दिसले की मिटून ठेवू नका, सालाचे दुसरे टोकही बघा. चंद्रदर्शनामुळे एका दिवसाचा फरक पडू शकतो. एक दिवस चुकला म्हणून वाचन चुकले असे नाही, वाराशी ताडून घ्या.

बाकीच्या सनांचे थोडक्यात. शकात ७८ मिळवा, पौष-माघ-फाल्गुनातले जानेवारीनंतरचे दिवस असतील तर ७९. फसली सन जमिनीच्या कागदांत भेटतो. तो सुहूरपेक्षा ९ ने पुढे, म्हणून त्यात ५९० किंवा ५९१. राजशक (शिवराज्याभिषेकापासून मोजलेला) ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला बदलतो, त्यात १६७३ किंवा १६७४. आणि इंग्रजी वखारीच्या कागदांतील तारीख सप्टेंबर १७५२ पूर्वीची असेल तर ती जुन्या, ज्युलियन पंचांगाची. गोव्यातील पोर्तुगीज त्या आधीपासूनच नवे, ग्रेगोरियन पंचांग वापरत होते. सतराव्या शतकातली एकच घटना सुरतेच्या आणि गोव्याच्या पत्रांत १० दिवसांच्या अंतराने दिसली, तर दोघांतला एक खोटे बोलतो असे लिहून बसू नका.

रकमांबद्दल पत्रात विचारलेले नाही, पण पुढचा अडथळा तोच. आकड्यापुढची एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. ‘४।।’ म्हणजे साडेचार. अक्षरापुढे त्याच रेघा आल्या की त्या शब्द तोडल्याची खूण असतात, जशी ‘सु॥’ मध्ये.

प्रश्न : घराच्या माळ्यावर लाल फडक्यात बांधलेला मोडी कागदांचा गठ्ठा सापडला. चांगले राहावेत म्हणून त्यांतले दहा कागद लॅमिनेट करून घेतले. बाकीचेही करावेत का? मंडळ मूळ कागद मागते आहे, द्यावेत का?
– निवृत्त शिक्षक, चिपळूण

उत्तर : आणखी एकही करू नका. लॅमिनेशनमध्ये उष्णतेने प्लास्टिक कागदाच्या धाग्यांत चिकटते, आणि घरी किंवा दुकानात ते सुटत नाही. आतली आम्लता आणि ओल तशीच कोंडून राहते. जे दहा झाले ते सोलू नका. दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, उन्हापासून लांब, सपाट ठेवा.

उरलेल्यांसाठी घाई नको. चिपळुणात जून ते सप्टेंबर हवेत इतकी ओल असते की गठ्ठा उघडला तर बुरशीला आमंत्रण. दिवाळीनंतर कोरडी हवा पडली की बसा. टेबलावर धुतलेले पांढरे कापड. गठ्ठा सोडण्याआधी बांधलेला असतानाच फोटो, मग गाठ सोडल्यावर कागद कोणत्या क्रमाने होते त्याचा फोटो. हा क्रम म्हणजे माहिती आहे. एका तंट्याचे कागद कोणीतरी विचार करून एकत्र ठेवलेले असतात, आणि तारखेप्रमाणे लावायच्या उत्साहात तो धागा पहिल्याच दिवशी तुटतो. आहे त्याच क्रमाने मागच्या कोपऱ्यात मऊ, २बी पेन्सिलने हलक्या हाताने क्रमांक घाला.

धूळ दोन इंची मऊ ब्रशने, मधून कडेकडे. बुरशीचा वास येत असेल तर एन-९५ मुखपट्टी लावा, आणि फुंकर मारू नका. झाडताना निघालेले तुकडे, अगदी नखाएवढेही, त्याच कागदाच्या क्रमांकाच्या पाकिटात. चकाकणारे कण दिसले तर ती शाई सुकवायला टाकलेली वाळू असू शकते, कीड नव्हे. ओल्या फडक्याने पुसणे हा सर्वांत महागात पडणारा स्वच्छतेचा प्रकार. मोडी कागदांतील काळी शाई सहसा काजळाची, डिंकात खललेली. डिंक पाण्यात विरघळतो, म्हणून दोनशे वर्षे काळीभोर राहिलेली ओळ एका थेंबाने पसरते. इंग्रजी अमलातल्या कागदांवर तपकिरी शाईने कागदाला भोके पडलेली दिसली तर ती लोहयुक्त शाई. तिच्यासाठी घरगुती इलाज नाही, फक्त हाताळणी कमी करायची.

गंजलेली टाचणी ओढून काढू नका. कागद आणि टाचणी यांच्या मध्ये पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवा, टाचणीची वाकलेली टोके सरळ करा, मग ती अलगद निघते. गुंडाळीचे कागद जोर लावून सपाट केले तर घडीवर तडकतात. अशांना तज्ज्ञाकडे मोजून ओल देऊन उलगडतात. सेलोटेप आणि फेविकॉल दोन्ही बंद. फाटलेले जोडायचे असेल तर जपानी टिश्यू आणि पातळ खळ लागते, आणि ते शिकल्याशिवाय करायचे काम नाही. डांबराच्या गोळ्या कागदांत टाकू नका. वाळवलेला कडुलिंबाचा पाला किंवा वेखंड पुरचुंडीत बांधून, कागदाला न टेकवता ठेवतात. त्याने थोडी राखण होते, पण महिन्यातून एकदा उघडून पाहण्याची सर त्याला नाही. वेष्टनासाठी मांजरपाट दोनदा गरम पाण्यात धुऊन खळ काढून घ्या; खळ ही झुरळांची आणि कसरीची मेजवानी. नवे लाल कापड रंग सोडते. जुने लाल फडके टाकू नका, त्याला चिठ्ठी जोडून वेगळे ठेवा. कधी कधी त्यावरच गठ्ठ्याचे नाव असते.

फोटोंचा हिशेब असा. ए-४ कागद ३०० डीपीआयला २४८० बाय ३५०८ बिंदूंचा होतो. १२ मेगापिक्सेलचा फोन ४००० बाय ३००० देतो, म्हणजे ए-४ पर्यंतचा कागद चौकट भरून घेतला तर पुरेसा. त्याहून लांब कागद दोन-तीन भागांत, प्रत्येक भागात आधीच्या दोन-तीन ओळी पुन्हा येतील असा घ्या. फोन स्टँडवर, कागदाला समांतर, दोन बाजूंनी ४५ अंशांत दोन दिवे, फ्लॅश नाही, शेजारी पट्टी. मागची बाजू कोरी दिसली तरी तिचाही फोटो. लांब पत्रे कागद चिकटवून केलेली असतात आणि जोडावर मागे शिक्का किंवा अक्षरे सापडतात. मूळ प्रत टिफमध्ये ठेवायची तर ए-४ चे एक रंगीत पान सुमारे २६ एमबी, हजार पानांना २६ जीबी. डिस्क दोन घ्या, आणि दुसरी दुसऱ्या घरात ठेवा.

मूळ कागद मंडळाला देणे सक्तीचे नाही. पुष्कळ मंडळांना नकला पुरतात. देणार असाल तर लेखी पत्र करा: किती कागद, क्रमांक कोणते, दान की ठेव, छापायची परवानगी आहे का, मंडळ बंद पडले तर कागद कुठे जातील. शेवटचा मुद्दा बहुतेक जण विसरतात. आणि परदेशातल्या नातवाला आठवण म्हणून मूळ पत्र पाठवायचा विचार असेल तर थांबा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात ऐतिहासिक मोलाची ७५ वर्षांहून जुनी हस्तलिखिते आणि कागदपत्रे पुरावस्तू ठरतात, आणि ती खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाहीत. नातवाला फोटो पाठवा.

प्रश्न : आमच्या गावच्या मारुतीमागे तीन कोरीव दगड आहेत. देवस्थान समिती त्यांना ऑइलपेंट देऊन फरशीत बसवणार आहे. एकावर गाढव आहे म्हणून तो फेकून द्यायचे चालले आहे. काय करावे?
– निवृत्त एसटी वाहक, पारनेर तालुका

उत्तर : गाढवाचा आधी वाचवा. तो बहुधा गद्धेगाळ आहे. जमिनीचे दान कोणी मोडील तर त्याच्या घराला लागणारी शिवी त्या चित्रात कोरलेली असते. वर चंद्र-सूर्य असतात, म्हणजे ते आहेत तोवर दान चालावे. चंद्र-सूर्याच्या खाली किंवा बाजूला लेख असू शकतो, आणि त्यात तुमच्या गावाचे जुने नाव मिळण्याची शक्यता असते. समितीला हे असेच सांगा: ‘हा आपल्या गावाचा सातबारा आहे.’ अश्लील दगड म्हणून फेकायला निघालेले लोक हे ऐकून थबकतात.

बाकीचे दोन ओळखायला सोपे. चौकटी एकावर एक असतील तर वीरगळ, आणि तो खालून वर वाचायचा. तळाला लढाई किंवा पडलेला वीर. गाई दिसल्या तर गोधन राखताना मेलेला. मध्ये अप्सरा त्याला नेत आहेत, वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे, माथ्यावर कलश. बोरिवलीजवळच्या एक्सरच्या वीरगळांवर तर जहाजांची लढाई आहे. कोपरात वाकवलेला, बांगड्या भरलेला हात असेल तर सतीशिळा.

नोंद अशी करा: उंची, रुंदी, जाडी सेंटिमीटरमध्ये (जमिनीत गाडलेला भाग सोडून, तसे लिहून), तोंड कोणत्या दिशेला, चौकटी किती, फोनवरचे अक्षांश-रेखांश, आणि गावकरी त्याला काय म्हणतात. लेख दिसत असेल तर भर दुपारी फोटो काढू नका. सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावर तिरप्या उजेडात अक्षरे उठतात. सावलीतला दगड असेल तर रात्री टॉर्च एका कडेला जमिनीलगत धरून चार दिशांनी चार फोटो. खडू, पीठ, कुंकू, तेल काही भरायचे नाही. खडूने आपण अक्षर दाखवत नसतो, आपल्याला वाटते ते अक्षर लिहीत असतो, आणि पुढचा वाचक तेच वाचतो. ठसा घेणे पुरातत्त्व विभागाच्या माणसांवर सोडा.

ऑइलपेंट थांबवा, पण आधीचा रंग तारेच्या ब्रशने किंवा ॲसिडने काढायला जाऊ नका; रंगाबरोबर वरचा पापुद्रा निघतो. दगड हलवायचाच असेल तर मूळ जागेचे फोटो आणि मोजमाप झाल्यावर, ग्रामसभेत लिहून, राज्य पुरातत्त्व विभागाच्या विभागीय सहायक संचालकांना अर्ज देऊन. सिमेंटमध्ये पाय रोवू नका. सिमेंटमधले क्षार दगडात चढतात आणि तळाची चौकट भुगा होऊन गळू लागते. कोरड्या दगडी ओट्यावर, पाऊस निथळेल असा उभा करा.

प्रश्न : गावातल्या ऐंशीच्या पुढच्या बायकांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करते आहे. सन विचारले की ‘लई वर्सं झाली बाई’ असे उत्तर येते. काळ कसा ठरवू?
– निवृत्त परिचारिका, लातूर

उत्तर : सन विचारूच नका. तुमच्या भागात तीन खुंट्या पक्क्या आहेत: रझाकारांची धामधूम आणि १७ सप्टेंबर १९४८ चा मुक्तिदिन, १९७२ चा दुष्काळ, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप. ‘दुष्काळात खडी फोडायला गेलात तेव्हा पदरात कोण होतं?’ असे विचारले की थोरल्या लेकाचे वय निघते, त्यावरून लग्न, त्यावरून विहीर कधी खोदली तेही. पुणेकरांनी १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर वापरावा, सातारा-कऱ्हाडकडे ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप. मोजून आलेले साल ‘अंदाजे’ म्हणूनच लिहा आणि कोणत्या खुंटीवरून मोजले तेही टिपा.

सून-मुलगे शेजारी बसले की बाई गप्प होतात किंवा त्यांना आवडेल ते सांगतात. जात्याजवळ, निवडणं-टिपणं चालू असताना बसा. पंखा बंद करा, मिक्सर चालू नसेल अशी वेळ गाठा. मुद्रणाच्या सुरुवातीलाच तारीख, गाव आणि ‘हे इतरांना ऐकवले तर चालेल का’ हा प्रश्न, उत्तरासकट मुद्रित करा. वाचता न येणाऱ्या बाईचा कागदावरचा अंगठा घेण्यापेक्षा तिच्या आवाजातला होकार जास्त खरा. पाऊण तासाच्या वर एका बैठकीत नेऊ नका. उतरवताना बोली प्रमाण करू नका. ‘व्हती’ चे ‘होती’ केले की निम्मी बाई गेली.

प्रश्न : बारव सफाईसाठी साठ जणांचे पथक तयार आहे, एकाने जेसीबी देऊ केला आहे. वयाने मोठा म्हणून नियोजन माझ्याकडे आले. काय पाहू?
– निवृत्त कालवा निरीक्षक, परभणी

उत्तर : जेसीबीला नको म्हणा. बारवेचे दगड बहुधा चुन्याशिवाय, एकमेकांच्या वजनावर बसलेले असतात. काठावर यंत्र आले की कड आत सरकते. साठ माणसेही जास्तच. एका वेळी आत दहा-बारा, बाकीची पाट्यांच्या साखळीत आणि काठावर. आत कोण किती आहेत याची वही एकाकडे.

सुरुवात एप्रिल-मे मध्ये, पाणी तळाला असताना. बारव संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व विभागाच्या परवानगीशिवाय आत हातच घालायचा नाही. नसेल तर ग्रामपंचायतीचा ठराव घ्या. साफ करण्याआधीचे फोटो आणि मापे घ्या, कारण नंतर सगळ्या बारवा सारख्याच स्वच्छ दिसतात. किती बाजूंनी पायऱ्या उतरतात ते लिहा: शिल्पग्रंथांच्या भाषेत एका बाजूने नंदा, दोन भद्रा, तीन जया, चार विजया. तळाच्या अरुंद, झाकल्या गेलेल्या विहिरीत कुजलेल्या गाळाचे वायू साचतात. पेटता दिवा दोरीने खाली सोडा. तो विझला तर माणूस उतरवायचा नाही. मात्र दिवा जळत राहिला म्हणजे हवा निर्धोक असेही नाही, काही विषारी वायू दिव्याला कळत नाहीत. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोघे, हे दर खेपेला. पिंपळ-वड ओढून उपटू नका. मुळांबरोबर दगड येतात. जमिनीसरशी कापा आणि पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा कापा. गाळ लगेच शेतात नेऊ नका. काठावर ताडपत्रीवर पसरून, कोणत्या खोलीवरून आला ते लिहून, चाळून पाहा. नाणी किंवा दागिने सापडले तर फोटो काढून त्याच दिवशी तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. १८७८ चा निखात निधी कायदा दहा रुपयांवरच्या ठेव्याला लागू होतो, म्हणजे व्यवहारात सगळ्यालाच.

प्रश्न : ग्रामपंचायतीच्या स्मरणिकेत मंदिराला ‘हेमाडपंती, पांडवांनी एका रात्रीत बांधलेले’ असे लिहिले आहे. खोडावे का?
– निवृत्त ग्रामसेवक, सिन्नर

उत्तर : पांडव ठेवा, ‘गावात अशी आख्यायिका आहे’ या शब्दांसह. हेमाडपंती खोडा. हेमाद्री, म्हणजेच हेमाडपंत, तेराव्या शतकात यादवांचा मंत्री होता. अंबरनाथच्या मंदिरातला लेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा. तुमच्या सिन्नरचे गोंदेश्वरही हेमाद्रीच्या आधीचे मानतात. चुन्याशिवाय बांधलेल्या प्रत्येक देवळाला हे नाव चिकटते, त्यातून काळ कळत नाही. त्याऐवजी दिसते ते लिहा: दगड कोणता, खांब किती, शिखर दगडी की नंतरचे विटांचे, दुरुस्ती कुठे दिसते. तशीच गोष्ट ‘अहिल्याबाईंनी बांधलेली बारव’ याची. त्यांची कामे पुष्कळ आहेत, म्हणूनच कागद किंवा लेख दाखवल्याशिवाय त्यांचे नाव घालू नका.

प्रश्न : मी बडोद्यात असतो, मोडी वाचता येते, पण गुडघ्यांमुळे प्रवास होत नाही. घरबसल्या काय करता येईल?
– निवृत्त अभियंता, बडोदे

उत्तर : बसून करायचे कामच सर्वांत जास्त पडून आहे. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे जाणते मोडी वाचक सरकारी कामात गुंतले, आणि मंडळांकडे स्कॅन झालेली पाने वाचणाऱ्याची वाट पाहत आहेत. मराठी राज्ये जिथे पोचली तिथे मोडी पोचली. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातही मोडी कागद आहेत, तुमच्या बडोद्यातही. एखाद्या मंडळाला लिहून आधी पाच पाने मागवा. लिप्यंतर ओळीला ओळ ठेवा, शुद्धलेखन सुधारू नका, न लागलेले अक्षर चौकटी कंसात प्रश्नचिन्हाने दाखवा आणि अर्थ वेगळ्या पानावर लिहा. पाने परत पाठवताना तीच पाच पाने दुसऱ्या वाचकाकडेही द्यायला सांगा. दोन वाचनांत फरक पडेल त्या ओळींवर तिसऱ्याने बसायचे.